अस्तर लावलेली, लहान-मोठी होणारी कापडी बॅग घरी कशी शिवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चेन उघडली की उंची वाढणारी बॅग शिवायची आहे, पण आतून अस्तर हवं. मोठ्या मापाचं अस्तर लावलं की बॅग लहान असताना ते आत गोळा होतं आणि चेनमध्ये अडकतं. लहान मापाचं लावलं तर बॅग मोठी व्हायच्या आतच ते ताणून शिवणीतून उसवतं.

अस्तर मोठ्या मापाचंच कापायचं. मात्र ते आत मोकळं लोंबत ठेवायचं नाही. बाहेरचं कापड ज्या दोन रेषांवर दुमडतं, त्याच रेषांवर अस्तर आतून टाचून घ्यायचं, म्हणजे बाहेरच्या घडीबरोबर तेही घडीत जातं. बाकी सगळी शिलाई या एका गोष्टीभोवती आखलेली आहे.

बॅगेची रचना समजून घ्या. वरचं अंग, मधली घडीची पट्टी, खालचं अंग आणि तळ असे चार भाग. चेनची एक बाजू पट्टीच्या वरच्या शिवणीत, दुसरी खालच्या शिवणीत. चेन लावली की पट्टी मधोमध दुमडून आत जाते, उघडली की पट्टीइतकी उंची वाढते.

मापं ठरवताना दोन नियम पाळा. पहिला, पट्टीची उंची बॅगेच्या खोलीपेक्षा कमी हवी. पट्टी निम्मी होऊन आत येते, समोरासमोरच्या दोन्ही घड्या मिळून पट्टीच्या पूर्ण उंचीएवढी जागा खातात. ६ इंच खोलीच्या बॅगेला ६ इंचांची पट्टी लावली तर घड्या मधोमध एकमेकींना टेकतात आणि बॅगेत आडवा पडदा तयार होतो. दुसरा, खालचं अंग घडीपेक्षा निदान एक इंच उंच हवं. सामान भरलं की घडी खाली वळून भिंतीला चिकटते, तिला तेवढी भिंत मिळाली पाहिजे.

म्हणून मी हे माप सुचवतो: रुंदी १५, खोली ६, वरचं अंग ९, पट्टी ४, खालचं अंग ३ इंच. बंद असताना उंची सुमारे पावणेतेरा इंच (मधली पाऊण इंच जागा चेनची), उघडल्यावर १६.

साहित्य: बाहेरून ५८ इंच पन्ह्याचा जाडसर सुती कॅनव्हास अर्धा मीटर. अस्तराला पॉपलिन किंवा पातळ मांजरपाट पाऊण मीटर. घडीच्या पट्टीला पॅराशूट कापड (पातळ नायलॉनचं) पाव मीटर. इथे कॅनव्हास वापरू नका. घडी आत जाते तेव्हा चारही कोपऱ्यांवर कापड जास्तीचं होतं आणि चुरगळतं. पातळ कापड निमूट चुरगळतं, कॅनव्हासची मात्र गाठ होते आणि ती चेनला बाहेर ढकलते. फोमही या पट्टीत कधीच घालायचा नाही. चेन ५ नंबरची कॉइलची (नायलॉनच्या वेटोळ्यांचे दात असलेली), मीटरवर मिळते ती, सव्वा मीटर, आणि तिच्यावर सरकणारा सुटा रनर एक (दोन घ्या, एखादा वाकतोच). हँडलला दीड इंची बेल्टपट्टी २ मीटर. पॉलिएस्टरचा धागा. एक मोठं टिचबटण. तळात घालायला साडेचौदा बाय साडेपाच इंचांचा जाड प्लॅस्टिक पत्रा. पुठ्ठा ओलाव्याने मऊ पडतो. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरला हे सगळं एका फेरीत मिळतं.

कॅनव्हास आणि अस्तर दोन्ही आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. सुती कापड आटतं, चेन आटत नाही. न धुता शिवलेल्या बॅगेची चेन पहिल्याच धुण्यानंतर लाटांसारखी उठते, आणि मग त्यावर काही इलाज नसतो.

बॅगेचा घेर ४२ इंच. शिवणीसाठी दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच माया धरून सगळ्या आडव्या पट्ट्या ४३ इंच लांब. उंची सुतात सांगतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), कारण चेनच्या शिवणीला माया ३ सूत आणि बाकी ठिकाणी ४ सूत आहे:

वरचं अंग – ९ इंच ७ सूत
घडीची पट्टी – ४ इंच ६ सूत
खालचं अंग – ३ इंच ७ सूत
तळ – १६ × ७ इंच

अस्तराचे तुकडे हेच, फक्त दोन फरक. अस्तराची घडीची पट्टी ५ इंच उंच घ्या. बॅग बंद असताना अस्तर घडीच्या बाहेरून वळसा घेतं, त्याला दोन सूत जास्त लागतात. आणि अस्तराच्या उभ्या शिवणीची माया ४ ऐवजी ५ सूत घ्या, म्हणजे त्याचा घेर पाव इंच कमी होऊन ते आत सुरकुत्या न पडता बसेल. त्या हिशेबाने अस्तराचा तळ १५ इंच ७ सूत × ७ इंच.

उभी शिवण कोपऱ्यावर नको, एका बाजूच्या मध्यावर येऊ द्या. म्हणजे पट्टीवर एका टोकापासून खुणा अशा: अर्धा (माया), ३, १५, ६, १५, ३, अर्धा. मधल्या चार खुणा हे चार कोपरे. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही लांब कडांवर त्या खुणांना छोटा कात्रा द्या.

चेनवरही आत्ताच खुणा करायच्या. ती बंद असतानाच, सुरुवातीपासून दीड इंच सोडून पहिली खूण, मग दर ६ इंचांवर पेनाने दोन्ही पट्ट्यांवरून एक आडवी रेघ. नंतर आपण चेन पूर्ण वेगळी करणार आहोत. मशीनखाली एक बाजू नकळत ताणली जाते आणि ४० इंच गेल्यावर अर्ध्या इंचाचा फरक पडतो. बॅगेला जो पीळ बसतो तो इथूनच. कॅनव्हास आणि पॅराशूटवरही त्याच अंतरावर खुणा करा आणि शिवताना खुणेला खूण जुळवत चला. ‘सुरुवात’ आणि ‘शेपूट’ असं दोन्ही टोकांवर लिहूनही ठेवा, नाहीतर वेगळी केल्यावर एक बाजू हमखास उलटी लागते.

आता शिलाई. सगळं सपाट असतानाच शिवायचं, दोन टोकं जोडून नळी सर्वांत शेवटी.

आधी हँडल. प्रत्येकी ३९ इंचांचे दोन तुकडे. टोकं अर्धा इंच दुमडून वरच्या अंगावर बसवा. दोन पायांत साडेपाच इंच अंतर, आणि पाय चेनच्या शिवणीच्या एक इंच वर थांबले पाहिजेत. शिवणीत ते घेऊ नका, तिथे आधीच तीन थर आहेत. चौकोन आणि आत फुली अशी टीप, १८ नंबरच्या सुईने. बाकी कामाला १६ नंबर, टाका इंचाला ८.

मग घडीची पट्टी. पॅराशूटच्या कापलेल्या कडा सुटतात, म्हणून मेणबत्तीच्या ज्योतीजवळून (ज्योतीत नाही) झटकन फिरवून घ्या. पट्टी सुलटी बाजू आत घेऊन लांबीत मधोमध दुमडा, वर सुती फडकं ठेवून मंद इस्त्री फिरवा आणि घडीच्या अगदी कडेवर टीप मारा. कोपऱ्याच्या खुणांच्या दोन्हीकडे अर्धा इंच सोडून द्या. ही टीप वगळू नका. तिच्यामुळे पट्टीला कायमचं आत वळायचं वळण लागतं. नाहीतर पट्टी बाहेर फुगते आणि रनर दर वेळी तिला चावतो.

चेन हाताने ओढून पूर्ण वेगळी करा. वरचं अंग सुलटं ठेवा. खालच्या कडेवर चेनची एक पट्टी उपडी ठेवा, दात कॅनव्हासच्या आतल्या दिशेला, पट्टीची कड कॅनव्हासच्या कडेपासून एक सूत आत. कॉइलच्या चेनची वेटोळी दिसतात ती तिची सुलटी बाजू, म्हणजे आत्ता ती खाली कॅनव्हासकडे असली पाहिजेत. त्यावर घडीची पट्टी उपडी. तिन्ही थर टाचून, चेन लावायच्या अर्ध्या पायाने कडेपासून ३ सुतांवर टीप. दातांपासून टीप इतकी लांब असली की रनर कॅनव्हासच्या दुमडीवर घासत नाही.

टोकांकडे नीट बघा. सुरुवातीला चेन कापडाच्या टोकापासून एक इंच आत सुरू होते आणि तिचं टोक तिरकं वळवून मायेत जातं. दुसऱ्या टोकाला चेन कापडाच्या टोकाआधी २ इंच असताना शिवणीतून बाहेर वळवा आणि पुढे ४ इंच मोकळी सोडा. हे तिचं शेपूट. कापडाची टीप मात्र दोन्हीकडे कडेपर्यंत न्या. शेपूट लागतं ते अशासाठी की बॅग मोठी असताना रनरला कुठेतरी थांबायचं असतं. तो शिवणीतच थांबला तर तिथे वरचं आणि खालचं अंग एकमेकांना धरून राहतात आणि बॅग एका कोपऱ्यात आखडते.

चेनची दुसरी बाजू अगदी तशीच खालच्या अंगाला, पट्टीच्या दुसऱ्या कडेशी. दोन्ही शिवणींची माया कॅनव्हासकडे पाडून कॅनव्हासच्या सुलट्या बाजूने एक सूत अंतरावर दाबटीप (माया दाबून बसवणारी वरची टीप).

आता रनर चढवा. त्याची दोन तोंडं बॅगेकडे, एकच तोंड शेपटाच्या टोकाकडे. दोन्ही पट्ट्यांची टोकं दोन तोंडांत घालून मागच्या एका तोंडातून सारखी ओढून घ्या. शेपटाच्या शेवटच्या इंचावर कापडाची टोपी शिवून टाका, म्हणजे रनर निसटणार नाही. आणि नळी करण्याआधी चेन पूर्ण लावून-उघडून पाहा. खुणा जुळत नसतील तर उसवायची वेळ हीच आहे.

शेपूट बाजूला टाचून उभी शिवण घाला, मग तळ. खालच्या अंगाला कोपऱ्यांवर ३ सूत खोल कात्रे द्या, त्याशिवाय काटकोन वळत नाही. शिवणीवरून शेपूट झाकणारी ४ इंचांची पट्टी वरच्या अंगावर शिवा आणि खालच्या अंगावर टिचबटण. ते वजन पेलायला नाही, रनर आपोआप सरकू नये म्हणून आहे.

अस्तराचे तीन तुकडे चेनच्या जागी साध्या ३ सुतांच्या शिवणीने जोडा, नळी करा, तळ लावा. आतला खिसा हवा असेल तर फक्त वरच्या अंगावर. त्याचा तळ घडीच्या पट्टीवर उतरला तर घडी पडत नाही.

अस्तर बसवताना चेन उघडी ठेवून बॅग उलटी करा, माया बाहेर. अस्तर सुलटं करून पायमोजा चढवतात तसं तिच्यावर तळाकडून चढवा, पण एकदम सगळं नाही. आधी चार कोपरे तळाशी दुहेरी दोऱ्याने टाचा (पत्रा सरकवायला एक आखूड बाजू मोकळी ठेवायची असेल तर अस्तराच्या तळाच्या शिवणीत तिथे फट सोडून ठेवा). मग खालच्या चेन-शिवणीपर्यंत अस्तर ओढा, गुंडाळी मागे करून अस्तराची माया बाहेरच्या मायेला दर ३ इंचांवर दोन-तीन टाके घालून जोडा. कोपरे चुकवू नका. टाके फक्त मायेतून जाऊ द्या, बाहेर दिसता कामा नयेत. मग वरच्या चेन-शिवणीला तसंच. या दोन फेऱ्यांना पाऊण तास लागतो आणि बॅग टिकते ती त्यांच्यामुळेच. अस्तर वरपर्यंत चढवून झालं की बॅग सुलटी करा, वरच्या दोन्ही कडा अर्धा इंच आत दुमडून दोन समांतर टिपा मारा.

पत्रा घाला, चेन लावा आणि आत हात फिरवा. घडी सगळीकडे आत आली पाहिजे. एखाद्या ठिकाणी अस्तर फुगलं असेल तर त्या भागात टाका राहिलाय. चेन लावल्यावर रनरच्या मागे दात उघडत असतील तर रनरची तोंडं सैल झालेली असतात. पकडीने दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा, जोर केला तर तो जाम होतो.

वजनाचं लक्षात ठेवा. बॅग लहान असताना तळातलं सगळं ओझं चेनच्या दातांवर आडवं लटकतं, मोठी असताना ते पट्टीच्या कापडावर जातं. किराणा, नारळ, पुस्तकं असं जड न्यायचं असेल तर कमी सामानालाही चेन उघडीच ठेवा. नेहमीच जड न्यायचं असेल तर ८ नंबरची चेन घ्या; तिचा रनर मोठा असतो, म्हणून टीप दातांपासून आणखी एक सूत लांब.