“दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचा निवडला जातो”: गाळलेल्या वाक्याच्या प्रश्नांची एक केस

कॅटची, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीए प्रवेशपरीक्षेची, तयारी करणारी एक विद्यार्थिनी समुपदेशनासाठी आली, तेव्हा तिचे निदान तिने आधीच करून ठेवले होते. बारावीपर्यंत मराठी माध्यम, म्हणून इंग्रजी कच्चे; इंग्रजी कच्चे, म्हणून गाळलेल्या वाक्याचे प्रश्न चुकतात; तेव्हा हा प्रकार सोडूनच द्यावा का, एवढेच तिला विचारायचे होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ही शंका इतक्या जणांकडून येते की तिचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

प्रश्नाचे स्वरूप असे: वर एक सुटे वाक्य दिलेले असते, खाली एक परिच्छेद असतो आणि त्यात चार रिकाम्या जागांना क्रमांक दिलेले असतात. सुटे वाक्य कोणत्या जागी बसेल ते सांगायचे. २०२२ पासून कॅटच्या व्हर्बल, म्हणजे इंग्रजी आकलनाच्या, विभागात हा प्रकार नियमित दिसतो. संख्येने तो फार नसतो. २०२४ च्या पेपरात या विभागात २४ प्रश्न आणि ४० मिनिटे होती. त्यातले १६ प्रश्न उताऱ्यांवरचे, आणि उरलेल्या आठांत सारांश, पॅराजम्बल (उलटसुलट वाक्यांचा योग्य क्रम लावणे), विसंगत वाक्य आणि हा प्रकार यांची वाटणी. पॅराजम्बलचे उत्तर टाइप करायचे असते, तिथे चुकल्यास गुण कापले जात नाहीत. गाळलेल्या वाक्याला मात्र पर्याय असतात: बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीच्या उत्तराला १ वजा. भीती इथूनच सुरू होते.

तिच्या मॉक परीक्षांचे पेपर समोर ठेवले तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती ही, की उताऱ्यांवरचे प्रश्न तिला बऱ्यापैकी येत होते. इंग्रजी खरोखर कच्चे असते तर पाचशे शब्दांच्या आसपासचे उतारे आधी कोसळले असते, शंभर-सव्वाशे शब्दांचा परिच्छेद नंतर. दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. चुकलेल्या बहुतेक प्रश्नांत बरोबर जागा तिच्या शेवटच्या दोन पर्यायांत होती. म्हणजे ती वाट चुकत नव्हती, शेवटच्या वळणावर चुकत होती. अशा वेळी शब्दसंग्रह वाढवण्याचा सल्ला देणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

भाषेचा प्रश्न आहे की रीतीचा, हे तपासायला आम्ही तिला मराठीतच एक प्रश्न दिला. तुम्हीही खाली उत्तर वाचण्याआधी सोडवून पाहा.

सुटे वाक्य: “त्यामुळे एकाच झाडाकडे जाण्यासाठीचा नाच सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा दिसतो.”

परिच्छेद: “अन्नाचा साठा सापडलेली मधमाशी परत आल्यावर उभ्या पोळ्यावर एक नाच करते. (१) या नाचात ती अंग थरथरवत थोडे अंतर सरळ चालते, वळसा घेऊन मागे येते आणि पुन्हा तशीच सरळ चालते. (२) ही सरळ चाल उभ्या रेषेशी जो कोन करते, तोच कोन पोळ्यापासून सूर्याची दिशा आणि अन्नाची दिशा यांच्यात असतो. (३) सूर्य मात्र दिवसभर सरकत राहतो. (४) अन्न किती दूर आहे हे कळते ते सरळ चाल किती वेळ टिकते यावरून. जास्त वेळ म्हणजे जास्त अंतर.”

तिने (३) निवडले. मराठीत, सोप्या शब्दांत, वेळेचे बंधन नसताना. बरोबर उत्तर (४) आहे. इंग्रजी कच्चे असल्याचा मुद्दा तिथेच बाजूला पडला, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग सुटका दिसली.

आता ती का चुकली ते पाहू, कारण सगळा प्रकार याच एका चुकीत उलगडतो. (३) च्या आधीचे वाक्य सूर्य आणि अन्न यांच्यातल्या कोनाबद्दल आहे. सुट्या वाक्यात सकाळ-दुपार आहे. सूर्य सरकतो हे आपल्याला माहीतच असते, म्हणून मन ती कडी आपली आपण जोडते आणि ‘त्यामुळे’ तिथे बसल्यासारखे वाटते. पण ती कडी परिच्छेदाने पुढच्या वाक्यात स्वतः दिलेली आहे. लेखकाने जे काम पुढच्या वाक्यावर सोपवले होते, ते वाचणाऱ्याने डोक्यातच उरकून टाकले. (३) मध्ये वाक्य घालून पुढे वाचा: “नाच सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा दिसतो. सूर्य मात्र दिवसभर सरकत राहतो.” हा ‘मात्र’ कशाच्या विरोधात आहे? कशाच्याच नाही. तो आधीच्या कोनाच्या नियमाला जोडून आला होता, आणि मध्ये घुसलेल्या वाक्याने तो अधांतरी ठेवला. (४) मध्ये तेच वाक्य घाला: सूर्य सरकतो, त्यामुळे नाच बदलतो, आणि मग दिशेचा विषय संपून अंतराचा सुरू होतो. काहीच लोंबकळत राहत नाही.

सुट्या वाक्याला दोन कडा असतात. आधीच्या वाक्याशी ते जुळते का, हे जवळजवळ सगळेच पाहतात. पुढच्या वाक्याशी जुळते का, हे फार थोडे पाहतात. आणि त्या जागी आधीपासून असलेला सांधा आपण मोडतो आहोत का, हे तर बहुतेकांच्या मनातही येत नाही. दोन पर्याय उरल्यावर चुकीचा निवडला जातो तो यामुळे: चकवा देणारी जागा आधीच्या वाक्याशी जुळेल अशीच असते, नाहीतर तिने चकवलेच नसते. तिचे बिंग पुढच्या वाक्यात फुटते.

(१) आणि (२) या जागा तिने सहज बाद केल्या होत्या, पण “तिथे विषय जुळत नाही” या कारणाने. कारण बरोबर असले तरी इंग्रजी परिच्छेदात ते अपुरे पडते, कारण तिथे विषय चारही जागी जुळत असतो. पक्के कारण असे: ‘एक नाच’ नंतर लगेच ‘या नाचात’ येते, ‘सरळ चालते’ नंतर ‘ही सरळ चाल’ येते. हे सांधे बंद आहेत. त्यांच्यात तिसरे वाक्य शिरले तर ‘या’ आणि ‘ही’ यांची बोटे भलतीकडे वळतील.

म्हणून तिला जी रीत घालून दिली ती अशी. आधी सुटे वाक्य एकदा नीट वाचायचे आणि त्याला मागे काय हवे आहे ते ठरवायचे. ‘हाउएव्हर’ असेल तर मागे उलट विधान हवे. ‘फॉर इन्स्टन्स’ असेल तर मागे सर्वसाधारण विधान हवे. ‘अनदर’ किंवा ‘ऑल्सो’ असेल तर पहिली बाब आधी येऊन गेलेली हवी. ‘द स्टडी’ असेल तर ‘अ स्टडी’ कुठेतरी आधी असण्याची शक्यता दाट. एखाद्याचे नुसते आडनाव असेल तर पूर्ण नाव बहुधा आधी आलेले असते. ‘दिस शिफ्ट’, ‘सच अ व्ह्यू’ अशी जोडी असेल तर मागे एखादा बदल किंवा एखादे मत वर्णन केलेले हवे. इथे थोडे थांबा: ‘शिफ्ट’ हा शब्द मागच्या वाक्यात सापडेलच असे नाही, बहुतेक वेळा सापडत नाही. लोक आधी घरी कातत होते, मग कारखान्यात जाऊ लागले, असे काहीतरी लिहिलेले असते आणि त्या सगळ्याला मिळून ‘शिफ्ट’ म्हटलेले असते. जे शब्दाला शब्द जुळवत बसतात त्यांना ही जागा दिसतच नाही. उलट, सुट्या वाक्यातला एखादा शब्द चुकीच्या जागेशेजारी हमखास पेरलेला असतो.

मग परिच्छेद सरळ वाचायचा, सुटे वाक्य कुठेही न घालता. प्रत्येक रिकाम्या जागेपाशी एकच प्रश्न: अलीकडचे आणि पलीकडचे वाक्य एकमेकांना धरून आहेत का? धरून असतील तर कच्च्या कागदावर तो क्रमांक खोडायचा. कुठे उडी मारल्यासारखे वाटले, पुढच्या वाक्यातल्या ‘दीज’ला मागे कोणी नाही असे दिसले, तर त्या क्रमांकाभोवती गोल. उरलेल्या एक-दोन जागी मात्र तीनच वाक्ये वाचायची: आधीचे, सुटे, नंतरचे. निर्णय नंतरच्या वाक्यावर सोडायचा.

तिची जुनी सवय वेगळी होती. ती वाक्य चारही जागी घालून चार वेळा पूर्ण परिच्छेद वाचायची. मेहनत प्रामाणिक होती, पण त्यातून नुकसानच व्हायचे. तिसऱ्या वाचनापर्यंत ते वाक्य कानाला इतके सरावते की कुठेही खटकत नाही. शिवाय चार-साडेचार मिनिटे जातात. २४ प्रश्नांना ४० मिनिटे असताना आणि त्यात चार उतारे वाचायचे असताना एका प्रश्नाला एवढा वेळ परवडत नाही. दोन मिनिटे, फार तर अडीच, ही मर्यादा घालून घ्यावी.

पुढच्या काही आठवड्यांत एक नवीन अडचण आली, आणि ती जवळजवळ प्रत्येकाला येते. बंद सांध्याचा नियम हाती लागल्यावर तिने बरोबर जागाच बंद म्हणून खोडायला सुरुवात केली. जिथे सर्वनाम दिसेल तिथे फुली. पण सर्वनाम असले की सांधा बंद, असे नसते. हे पाहा: “नदीला पूर आला. ( ) तिसऱ्या दिवशी ती गावात शिरली.” इथे “दोन दिवस तिचे पाणी वाढतच होते” हे वाक्य खुशाल बसते, कारण सुटे वाक्यही नदीबद्दलच आहे आणि पुढची ‘ती’ नदीच राहते. सांधा मोडतो तो मध्ये येणाऱ्या वाक्यामुळे सर्वनामाचा अर्थ बदलला तरच. म्हणून पहिल्या वाचनातली फुली पेन्सिलची समजावी. गोल केलेली एकही जागा शेवटी टिकली नाही, तर फुल्यांकडे परत जावे.

परिच्छेदाच्या शेवटी येणाऱ्या जागेबद्दल वेगळे सांगावे लागते. तिच्यापुढे वाक्यच नसते, म्हणजे परीक्षा घेणारी दुसरी कडाच नाही. त्यामुळे थोडेसे निष्कर्षासारखे वाटणारे कोणतेही वाक्य तिथे शोभून दिसते. ती जागा निवडण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: बाकीच्या तीनही जागा खरोखर भरीव आहेत का, आणि सुटे वाक्य परिच्छेदाने काढलेल्या सगळ्या मुद्द्यांना पुरते की फक्त मधल्या एका मुद्द्याला? मधल्याच मुद्द्याला पुरत असेल, तर त्याची जागा त्या मुद्द्यापाशी आहे.

जोडणारे शब्द अजिबात नसलेले परिच्छेदही येतात, आणि ते खरे अवघड. तिथे प्रत्येक वाक्य काय म्हणते यापेक्षा ते काय काम करते ते पाहावे लागते: दावा मांडते, कारण देते, उदाहरण देते, आक्षेप घेते, की मर्यादा सांगते. सुटे वाक्य उदाहरण असेल तर त्याची जागा दावा आणि त्या दाव्यावरचा आक्षेप यांच्या मध्ये असते; आक्षेपानंतर ते आले तर लेखक मागे फिरल्यासारखा वाटतो. हे ओळखणे सरावानेच येते. त्यासाठी तिला दिलेला सराव असा होता: रोज एका इंग्रजी अग्रलेखातला पाच-सहा वाक्यांचा परिच्छेद घ्यायचा आणि प्रत्येक वाक्यापुढे त्याचे काम मराठीत एका शब्दात लिहायचे. मग मधले एक वाक्य काढून बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यात त्याची खूण कुठे राहिली ते शोधायचे. कधी काहीच खूण राहत नाही. असे वाक्य परीक्षेत विचारण्याजोगेच नसते, आणि हे कळणेही उपयोगाचे आहे. मॉकच्या काही प्रश्नांत दोन जागा खरोखरच सारख्या पटतात. तिथे स्वतःला दोष देत बसू नये. सरावाचा कणा अधिकृत उत्तरतालिका असलेले जुने पेपर हाच असावा.

राहिला तिचा मूळ प्रश्न: सोडून द्यावेत का? हिशेब करून पाहू. चारही पर्यायांत डोळे मिटून उत्तर दिले तर चारांत एकदा ३ मिळतात आणि तीनदा १ जातो, हाती शून्य. तेव्हा परिच्छेद न वाचता खूण करण्यात अर्थ नाही. पण दोन पर्याय पक्के बाद झाले असतील, तर नाणेफेक केली तरी दोन प्रश्नांत एकदा ३ मिळतात, एकदा १ जातो. सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे १ गुण पदरात पडतो. ती इतके दिवस नेमके हेच प्रश्न कोरे ठेवत होती, दोन जागा बाद केल्यावरही.

तिच्याशी ठरले ते असे: या प्रकाराचे प्रश्न उतारे आटोपल्यावर घ्यायचे, प्रत्येकाला दोन मिनिटे द्यायची, दोन जागा उरल्या तर पुढच्या वाक्याच्या बाजूने कौल देऊन खूण करायची, आणि तीन-चार जागा तशाच मोकळ्या राहिल्या तर प्रश्न कोरा ठेवून पुढे जायचे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे वहीत एकच नोंद करायची: चूक आधीच्या कडेला झाली, नंतरच्या कडेला, की सांधा बंद समजण्यात. पहिल्या महिन्यात नंतरच्या कडेच्या नोंदी सगळ्यात जास्त होत्या. त्या कमी झाल्या तशी नाणेफेकीची वेळ कमी येऊ लागली. जोडशब्द नसलेले परिच्छेद तिला अजूनही जड जातात आणि त्यांचा सराव चालू आहे.