बेंच प्रेसला ९५ किलोवर तिन्ही प्रयत्नांना लाल दिवे का आले?

जिममध्ये बेंच प्रेसला १०० किलो जातं आणि पहिल्याच पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत ९५ वर पंचांनी लाल दिवे देऊन तिन्ही प्रयत्न बाद केले, हा तुमचा प्रश्न वाचून वाईट वाटलं. तुम्ही सांगता त्याप्रमाणे पहिल्यात 'प्रेस' ही ढकलायची कमांड ऐकण्याआधी ढकललं, दुसऱ्यात बार छातीत रुतला, तिसऱ्यात टाच उचलली गेली. माझ्या मते तिन्हींचं मूळ एकच आहे: थांबायचा सराव नाही.

जिममधले ते १०० बहुधा छातीला लागून उसळी घेऊन गेलेले असणार. स्पर्धेत बार छातीवर पूर्ण स्थिर झाल्याशिवाय मुख्य पंच 'प्रेस' म्हणत नाही, आणि तेवढ्या वेळात उसळी विरून जाते. अशा वेळी हात सैल सोडले की बार बरगड्यांत रुततो. स्थिर झालेला बार पुन्हा खाली दबला तर लाल दिवा ठरलेला. म्हणून बार छातीला टेकवा, पण छातीवर टाकू नका. टी-शर्टला सुरकुती पडेल इतकाच स्पर्श. वजन हातांत आणि पाठीतच राहायला हवं. खांद्याची पाती मागे-खाली आवळलेली असतील तरच हे जमतं.

टाचेचं म्हणाल तर पायांचा जोर वर जातोय. तो डोक्याच्या दिशेने हवा, बुटात बोटं पुढे रेटल्यासारखा. पावलं बुडाखाली फार ओढून घेत असाल तर थोडी पुढे घ्या. आयपीएफच्या (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ) नियमात पाऊल जमिनीवर सपाट राहून सरकलं तर चालतं, उचललं तर नाही. पाय नीट पोचत नसतील तर ३० सेंमीपर्यंतचे ठोकळे मागता येतात.

पाठीची मोठी कमान आणि रुंद पकड असेल तर कोपरं तपासून घ्या. २०२३ पासून कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीला किंवा त्याखाली यावीच लागते. पकड दोन्ही तर्जन्यांमध्ये जास्तीत जास्त ८१ सेंमी.

आणि सुरुवात ९५ ने करणं चुकलंच. एकदा सांगितलेलं वजन पुढच्या प्रयत्नात कमी करता येत नाही, तिन्ही गेले की टोटलही (स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्टची बेरीज) गेली. छातीवर पॉज घेऊन (थांबून) सलग तीन रेप निघतात तेवढ्याने उघडा. तुमच्यासाठी ते ८० ते ८५ असावं.

सरावात जोडीदाराला कमांड द्यायला सांगा, दर वेळी कमी-जास्त वेळाने. माझं एक अगदी सोपं गेलेलं वजन 'रॅक' ही बार परत ठेवायची कमांड न ऐकता बार ठेवल्यामुळे बाद झालं होतं. तेव्हापासून मी रिकाम्या बारवरही 'स्टार्ट', 'प्रेस', 'रॅक' या तिन्ही कमांड घेतो.