सीएचएन (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणाऱ्या) यंत्राचं कॅलिब्रेशन करताना

अरे, यंत्राची बेसलाइन, म्हणजे नमुना नसतानाची रेषा, सरळ आली म्हणून लगेच नमुने लावू नकोस. आधी दोन रिकाम्या टिन कॅप्सूल ब्लँक म्हणून जाऊ देत, मग एक-दोन बायपास, म्हणजे यंत्र तयार करायला चालवलेले, हिशोबात न धरायचे नमुने. अ‍ॅसिटॅनिलाइड, म्हणजे आपलं स्टँडर्ड (घटकांचं प्रमाण आधीच माहीत असलेला पदार्थ), 1 ते 3 मिलिग्रॅममध्ये चार-पाच वेगवेगळ्या वजनांचं घे. कॅप्सूल चिमट्यानेच दुमड. बाहेर पूड दिसली तर ती कॅप्सूलच फेकून दे. सॉफ्टवेअरमध्ये कार्बन 71.09, हायड्रोजन 6.71, नायट्रोजन 10.36 टक्के भरलंय ना, हे स्वतः बघ. मी एकदा वजनाचा दशांश चुकवला आणि दिवसभर कॉलमला (यंत्रातल्या वायू वेगळे करणाऱ्या नळीला) शिव्या घातल्या! मग तेच स्टँडर्ड ‘अननोन’ (अनोळखी नमुना) म्हणून चालव, वरच्या आकड्यांपासून फरक 0.3 टक्क्याच्या आत आला तरच पुढे जा. सल्फर काढायचा असेल तर सल्फॅनिलामाइड घे, अ‍ॅसिटॅनिलाइडमध्ये सल्फर नसतोच.