गणितात पदवी घेऊन पुढे काय?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. जेईईची तयारी चांगली चालली होती, पण आता म्हणते, इंजिनीअरिंग नको, गणितातच पदवी करायची. शेवटी शिकवण्याच घ्यायच्या असतील, तर त्यासाठी विद्यापीठात कशाला जायचं?
– एक पालक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमची काळजी रास्त आहे. पण विद्यापीठाचं काम नोकरी लावून देणं एवढंच, हे मला पटत नाही.

बारावीपर्यंत ठरलेल्या प्रकारची गणितं वेगाने सोडवायची असतात. पदवीला प्रश्नच बदलतो : हे खरं कशावरून? मूळ संख्या अनंत आहेत, हेच घ्या. समजा, त्या मोजक्याच आहेत. सगळ्यांचा गुणाकार करून त्यात 1 मिळवा. आलेल्या संख्येला यादीतल्या कोणत्याही मूळ संख्येने भागलं, तरी बाकी 1च उरते. म्हणजे यादीत नसलेली मूळ संख्या असलीच पाहिजे. युक्लिडचा हा युक्तिवाद दोन हजारांहून अधिक वर्षं टिकून आहे. असा विचार स्वतः मांडायला शिकायचं, तर फळ्यापाशी उभं करून ‘ही पायरी कुठून आली?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं. विद्यापीठ हवं ते त्यासाठी.

फर्माने 1640मध्ये मूळ संख्यांविषयी एक प्रमेय मांडलं, पुढे ऑयलरने ते विस्तारलं. तेव्हा त्याचा व्यवहारात काही उपयोग नव्हता. 1977मध्ये एमआयटीतल्या तिघांनी त्यावर आरएसए ही संदेश गुप्त ठेवण्याची सांकेतिक पद्धत उभारली आणि पुढे इंटरनेटवरचे व्यवहार तिच्या भरवशावर चालले. मधली तीनशे वर्षं हे गणित कुणीतरी शिकत आणि शिकवत राहिलं, म्हणून ते हाताशी होतं.

मात्र जिथे फक्त नोट्स उतरवून घेतात, अशा कॉलेजात तिला घालू नका. तिथे तुमची भीती खरी ठरेल. बेंगळुरूच्या आयएसआयचा (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बी.मॅथ. हा गणिताचा पदवी अभ्यासक्रम, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि पुण्याचं आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था यांच्या प्रवेशपरीक्षा तिने द्याव्यात. जेईईही देऊ दे, एकाने दुसरं अडत नाही. जवळचं कॉलेज बघायचं झालं, तर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, की इथून किती जण ‘जॅम’ ही आयआयटी वगैरेंची प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी.ला जातात.

आणि शिकवण्यांचं म्हणाल, तर विमा कंपन्यांतलं ॲक्च्युअरीचं, म्हणजे जोखमीचा हिशेब मांडण्याचं काम, डेटा सायन्स, संशोधन, प्राध्यापकी या वाटा गणितवाल्यांना खुल्या आहेतच.

आयएसआय आणि चेन्नईच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात. त्यातले प्रश्न तिला घड्याळ न लावता सोडवू द्या. एकाच प्रश्नाशी ती आपणहून दोन-दोन दिवस झगडत बसली, तर फॉर्म भरायला उशीर करू नका.