जीएनयू रेडिओत डेटा एका ब्लॉकमधून दुसऱ्यात कसा वाहतो, आणि थ्रॉटल लावावा का?

ब्लॉक जोडून रेडिओ बांधण्याच्या जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरमध्ये एफएम रिसीव्हर चालवताना टर्मिनलवर 'एयू' (aU) ही अक्षरे येत राहतात, तेव्हा थ्रॉटल, म्हणजे डेटाचा वेग रोखून धरणारा ब्लॉक, लावावा का, असे तुम्ही विचारले आहे. मुळीच लावू नये. फ्लोग्राफमध्ये, म्हणजे ब्लॉकांच्या जोडणीत, डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर) किंवा साउंड कार्ड असेल, तर तिथे थ्रॉटलचे काही काम नाही.

इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण म्हणजे अंधेरीतल्या एका कंपनीत याच मुद्द्यावरून माझा वरिष्ठांशी वाद झाला होता. आरटीएल-एसडीआर डोंगलवर १००.७ मेगाहर्ट्झवरचे आकाशवाणीचे एफएम गोल्ड ऐकवणारा फ्लोग्राफ मी बांधला होता: सेकंदाला २४ लाख सॅम्पल्स (सिग्नलची मोजमापे), दहाने डेसिमेशन करून, म्हणजे दर दहांतले एकच ठेवून, २ लाख ४० हजार, डिमॉड्युलेशननंतर (सिग्नलमधून आवाज वेगळा काढल्यावर) पाचने करून ४८ हजार, आणि ती थेट साउंड कार्डाला. "वेग कोणीतरी ठरवायला नको का?" असे म्हणून वरिष्ठांनी सोर्सपुढेच (डेटा जिथून येतो त्या पहिल्या ब्लॉकपुढे) थ्रॉटल बसवला आणि आवाज तुटू लागल्यावर दोष माझ्या फिल्टरला दिला.

वेग डोंगलचा क्रिस्टल, म्हणजे त्याच्या घड्याळाला ठोके देणारा स्फटिक, ठरवतो. प्रत्येक ब्लॉक स्वतःच्या थ्रेडमध्ये चालतो आणि दोन ब्लॉकांच्या मध्ये वर्तुळाकार बफर असतो. मागच्या बफरमध्ये पुरेशी सॅम्पल्स आणि पुढच्या बफरमध्ये मोकळी जागा असली, की शेड्यूलर ब्लॉकचे वर्क फंक्शन चालवतो, आणि ते किती सॅम्पल्स तयार झाली तो आकडा परत करते. पुढचा बफर भरला तर मागचा ब्लॉक थांबतो आणि ही अडवणूक मागे सरकत सोर्सपर्यंत पोहोचते. फाइल वाचणारा सोर्स निमूट थांबतो. अँटेना थांबत नाही, त्यामुळे डोंगलकडची सॅम्पल्स वाया जातात. सॅम्पल रेटचा (सेकंदाला किती सॅम्पल्स याचा) तुम्ही लिहिलेला आकडा हार्डवेअरला सांगण्यापुरता आणि फिल्टरच्या गणितापुरता असतो. वाहत्या डेटाला त्याचा गंधही नसतो. थ्रॉटल मधूनमधून झोपून सरासरी वेग राखतो, तोही संगणकाच्या घड्याळाने, म्हणजे डोंगल आणि साउंड कार्ड यांच्या दोन घड्याळांत तिसऱ्याची भर पडते.

'एयू' म्हणजे साउंड कार्डाला वेळेवर सॅम्पल्स मिळाली नाहीत. आधी डेसिमेशनचे गुणोत्तर तपासा, मग प्रोसेसरवरचा भार. दोन्ही ठीक असूनही अक्षरे अधूनमधून उमटत असतील, तर दोन क्रिस्टलांतला सूक्ष्म फरक सॅम्पल रेट किंचित कमीजास्त करणाऱ्या फ्रॅक्शनल रिसॅम्पलरने भरून काढावा.

हार्डवेअर अजिबात नसलेल्या सिम्युलेशनमध्ये मात्र थ्रॉटल लावावाच, अन्यथा ब्लॉक प्रोसेसरची सगळी ताकद खातात. आमच्या वरिष्ठांचे म्हणणे तेवढ्यापुरतेच खरे होते.