सिंगल ग्रेनला ‘एकधान्य’ म्हणू नका हो

प्रश्न असा आलाय, की मित्राने स्कॉटलंडच्या कॅम्बस डिस्टिलरीची ३० वर्षांची सिंगल ग्रेन व्हिस्की आणलीय, कुठल्याशा इंडिपेंडंट बॉटलरची, तर तिला मराठीत ‘वयस्क एकधान्य व्हिस्की’ म्हणावं का?

नका म्हणू! हे ‘एकधान्य’ ऐकून ऐकून कान किटलेत. सिंगल हे धान्याचं विशेषण नाहीच, ते डिस्टिलरीचं आहे, एकाच ठिकाणी गाळलेली एवढाच अर्थ. आत गहू नाहीतर मका आणि जोडीला मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे धान्यं दोन तरी झाली. खरी एकधान्य म्हणाल तर सिंगल माल्ट, तिच्यात बार्लीशिवाय दुसरं धान्य चालतच नाही. मी ‘एकभट्टी’ म्हणतो. डिस्टिलरीला ‘आसवनी’ म्हणणारे नाकं मुरडतील, मुरडोत बापडे.

आणि ‘वयस्क’? वयस्क काका असतात, दारू मुरते. फरक एवढाच, लोणचं बरणीत मुरत राहतं, ही ओकच्या पिंपातच मुरते, बाटलीत भरली की खेळ खलास, मग कपाटात अजून २० वर्षं ठेवा, ३०ची ती ३०चीच. कॅम्बस १९९३ला बंद पडली, तिथली पिंपं विकत घेऊन आपल्या नावाने बाटल्या भरणारा तो इंडिपेंडंट बॉटलर, झालं.

आता खरी मजा. व्हिस्की हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतल्या ‘उश्के बेहा’वरून आलाय, जीवनाचं पाणी. त्यातलं ‘उश्के’ आणि आपलं ‘उदक’ एकाच मुळाचे, हिंदीतल्या ऊदबिलावातला, म्हणजे पाणमांजरातला, ऊदही त्यातलाच, आणि ‘बेहा’चं नातं थेट ‘जीव’शी! यावर एक जाणकार मला म्हणाले, तुम्ही पण सगळं संस्कृतातून काढणाऱ्यांतले का. अहो, मी संस्कृतातून आलं म्हणतच नाहीये, ही चुलत भावंडं आहेत, मायलेकरं नव्हेत, एवढा फरक कळत नसेल तर कोश कशाला चाळता? आणि कळस म्हणजे अमरकोशात पाण्याच्या नावांत ‘जीवन’ हे नावच आहे, गेलिकमध्ये ज्याला दोन शब्द लागले ते आपल्याकडे एकातच उरकलं.

पुढे इंग्रजीत ‘बेहा’ गळाला, उरलं नुसतं उश्के. त्यामुळे व्हिस्कीत पाणी घालू का असं कोणी विचारलं की मी म्हणतो, पाण्यात पाणी, घाला की.