इंजिनाचं तोंड एकाच गाडीचं ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फोटो बघितले. जुन्या विलीस जीपचं, सीजे-३बीचं, हरिकेन पेट्रोल इंजिन उतरवून बोलेरोचं २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल चेसिसवर बसवलंस, माउंटिंगही सरळ आलंय. पण खरी किरकिर इंजिनाच्या तोंडाशी, म्हणजे पुढच्या पुल्या-पट्ट्यांशी आहे. क्रँकवर व्ही पट्ट्याच्या खाचा, अल्टरनेटर भंगारातल्या कुठल्यातरी पेट्रोल कारचा, आणि स्टिअरिंगच्या पंपावर सहा बरगड्यांची पॉली-व्ही (सपाट, बारीक खाचांच्या पट्ट्याची) पुली. तिन्ही वस्तू चांगल्या आहेत, फक्त तीन घरच्या आहेत.

ज्या गाडीतून इंजिन घेतलंस तिचा सांगाडा अजून भंगारवाल्याकडे असेल तर आधी तिकडे जा. अल्टरनेटर, त्याचे दोन्ही ब्रॅकेट, ताणपट्टी, स्पेसर, बोल्टसुद्धा उचलून आण. जुन्या पट्ट्यावरचा नंबर लिहून घे. हजार-दोन हजार जास्त गेले तरी लेथवरच्या चार खेपा वाचतात.

नाहीच मिळालं तर एक ठरव: क्रँक पुली आणि वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) जागची हलवायची नाहीत. त्यांची जागा इंजिनाच्या ब्लॉकनं ठरवलेली आहे. बाकी सगळ्यांनी त्यांच्या लाइनीत यायचं.

लाइन बघताना पुलीच्या कडा जुळवू नकोस. एका पुलीची भिंत जाड, दुसरीची पातळ असते. कडा जुळल्या तरी खाचा चुकतात. खाचेचा मध्य खाचेच्या मध्याशी आला पाहिजे. १० मिलिमीटरची सरळ ब्राइट बार (गुळगुळीत गोल सळई) घे आणि दोन्ही पुल्यांच्या खाचांत आडवी टाक. लाइन बरोबर असेल तर ती दोन्हीकडे खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकून गप्प बसते. चूक असेल तर एका टोकाला एकाच भिंतीवर चढते, हातानं दाबलं की डुगडुगते. ३०० मिलिमीटर अंतराला दीड मिलिमीटरपर्यंतचा फरक पट्टा सोसतो. त्यापुढे पट्ट्याची एकच बाजू झिजते, बॉनेटखाली काळी भुकटी साचते, आणि शेवटी पट्टा उलटा होऊन बाहेर पडतो.

फरक निघाला तर वायसरांची चळत लावू नकोस. चार वायसर म्हणजे सरकायला पाच जागा. बोल्ट आवळलेला असताना माप घे, माइल्ड स्टीलचा एकच स्पेसर लेथवर टर्न करून घे, दोन्ही तोंडं समांतर. उद्यमबागेत लेथची वानवा नाही. कागदावर आकृती आणि आकडे लिहून ने, म्हणजे समोरचा कन्नड बोलो की मराठी, अडत नाही. स्पेसर १० मिलिमीटरच्या पुढे जात असेल तर अल्टरनेटरला मागूनही आधार दे. नाहीतर डिझेलच्या हादऱ्यानं तो लांब बोल्ट ब्लॉकच्या तोंडाशीच तुटतो, आणि आत राहिलेला तुकडा काढणं म्हणजे वेगळाच वनवास.

आट्यांचंही बघ. विलीसच्या जुन्या डब्यातला पाच सोळांश इंचाचा बोल्ट एम-८ च्या भोकात दोन-तीन फेरे आरामात जातो, मग अडतो. तिथं पाना लावून जोर केलास की ब्लॉकचे आटे गेले. हातानं पूर्ण जात नाही तो बोल्ट त्या भोकाचा नाही.

आता अल्टरनेटरच्या पाठीमागं बघ. डीआयच्या मूळ अल्टरनेटरला मागे व्हॅक्यूम पंप असतो. तू आणलेल्याला नाही. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवेची झडप) बंद असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम आपोआप तयार होतो. या डिझेलला थ्रॉटलच नाही, म्हणून पंप लागतो. तू पुढं डिस्क ब्रेक आणि व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक बूस्टर बसवणार म्हणतोस. पंपाशिवाय तो बूस्टर नुसता डबा आहे, आणि चोर्ला घाटाच्या उतारावर ब्रेकचं पेडल दगडासारखं लागेल. तेव्हा हा अल्टरनेटर परत कर.

पंपवाला बसवताना दोन नळ्या येतात. एक इंजिन ऑइल आत नेणारी, बारीक; तिच्या बँजो बोल्टला (तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वायसर घाल. दुसरी परतीची. तेल हवेसकट फेसाळत परत येतं, म्हणून ती जाड हवी, चेंबरपर्यंत (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीपर्यंत) सलग उतार हवा, आणि चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उतरायला हवी. तिला मध्ये बाक पडला की पंपात तेल तुंबतं आणि व्हॅक्यूमच्या नळीनं बूस्टरकडे जाऊ शकतं. पहिल्या स्टार्टआधी पंपात चमचाभर ऑइल सोड. कोरडा फिरला तर आतली पाती लगेच घासतात. व्हॅक्यूम गेज लावून आयडलला २२ इंचांच्या (पाऱ्याच्या) वर आलं की पंप ठीक. आपलं बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, त्यामुळं किनाऱ्यापेक्षा आकडा दोन-अडीच इंच कमीच दिसणार. त्यानं घाबरू नकोस.

बूस्टरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाब, मग दाबून धरूनच स्टार्ट कर. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे.

वॉटर बॉडी बदलायची वेळ आली तर फक्त बोल्टची भोकं जुळवून आणू नकोस. काही इंजिनांत पॉली-व्ही पट्टा पंपाला सपाट पाठीनं फिरवतो, म्हणजे पंप उलटा फिरतो. असला पंप व्ही पट्ट्यावर लावला तर बसतो, गळत नाही, आणि चढावर इंजिन तापत राहतं. माणूस रेडिएटर आणि थर्मोस्टॅट बदलत बसतो. पाती बाकदार असतील तर त्यांची टोकं फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेली हवीत.

वायरिंगचं थोडक्यात. जुना डायनामोचा कट-आउट काढून टाक. बी प्लसची (अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलची) १६ स्क्वेअर एमएमची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीला. चार्जिंगचा दिवा साधा बल्बच ठेव. एलईडी लावलास तर अल्टरनेटर कधीकधी जागाच होत नाही. आणि इंजिन ते चेसिस अर्थची पट्टी विसरू नकोस. इंजिन रबरावर बसलंय. पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

व्ही पट्टा खाचेच्या भिंतींवर चालतो, तळावर नाही. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर पट्टा अरुंद आहे किंवा पुली झिजली आहे. कितीही ताणलास तरी घसरणार. ताण म्हणजे मधोमध अंगठ्यानं १० किलोचा जोर दिल्यावर १० मिलिमीटर दबला पाहिजे. नवा पट्टा ५० किलोमीटरनंतर पुन्हा ताणायचा. पावसात जांबोटी-कणकुंबीकडं जाऊन आलास की खाचा पाण्यानं धू. तांबडी माती पट्ट्याखाली पॉलिश पेपरसारखी काम करते.

कागदांचं आधी बघायला हवं होतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: पेट्रोलचं डिझेल करायला आरटीओची परवानगी आधी लागते, आणि आरसीवर इंजिन नंबर व इंधन दोन्ही बदलून घ्यावं लागतं. गाडी केए-२२ असेल तर बेळगाव, केए-२३ असेल तर चिकोडी.

क्रँकच्या खाचेचा मध्य ब्लॉकच्या तोंडापासून किती, आणि स्टिअरिंग पंपाच्या शाफ्टची जाडी किती, हे दोन आकडे व्हर्नियरनं मोजून कळव. त्या पंपाला व्ही खाचेची पुली टर्न करून घ्यायची की पंपच बदलायचा, ते त्यावर ठरेल. तोवर पट्टा विकत घेऊ नकोस.